आठ उपरी अक्षरे

सोळा घरे रुंद आणि दोन ओळी उंच अशी जी हिरवट किंवा निळसर काचपट्टी इन्व्हर्टरच्या कपाळावर, कॉफीच्या यंत्रावर आणि अभियांत्रिकीच्या यच्चयावत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आपणांस भेटते, आणि जिला पुण्याच्या तापकीर गल्लीतील दुकानदार एलसीडी हे तिचे कुळनाव सोडून नुसतेच 'सोळा बाय दोन' म्हणून हाक मारतात, ती दिसते तितकी अशिक्षित नाही. तिच्या पाठीवर डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा फुगवटा असतो. त्याखाली दडलेल्या चिपचे मूळ घराणे हिताची या जपानी कंपनीने १९८०च्या दशकात एचडी४४७८० या नावाने स्थापन केले, आणि पुढे इतरांनी काढलेल्या चिपांनीही त्याच घराण्याचे रीतिरिवाज इतक्या निष्ठेने पाळले की आज बुधवार पेठेत घेतलेली कोणतीही पट्टी त्याच जुन्या हुकुमांना मान देते. या घराण्याच्या कायमच्या दप्तरात २०८ अक्षरे पाच ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशी, आणि आणखी ३२ अक्षरे दहा ठिपके उंचीची, कारखान्यातच कोरून ठेवलेली असतात. ती पुसता येत नाहीत, बदलता येत नाहीत, आणि त्यांच्या हक्कास कोणी हरकत घेऊ शकत नाही. जुन्या महसुली भाषेत बोलावयाचे तर ती या गावची मिरासदार अक्षरे होत.

या मिरासदारांची यादी चाळणे हा एक उद्बोधक अनुभव आहे. रोमन लिपीतील लहानमोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे तर आहेतच. पण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पट्टीत त्यांच्या शेजारी जपानी काताकाना लिपीचा सबंध मोहल्ला वसलेला आहे, त्यापलीकडे अल्फा, बीटा, सिग्मा, पाय अशी काही ग्रीक मंडळी बिऱ्हाड करून आहेत, वर्गमूळ आणि अनंत यांनाही एकेक खोली मिळाली आहे, आणि अगदी टोकाला सहस्र, दशसहस्र व येन यांची चित्राक्षरे सहकुटुंब नांदत आहेत. येनवर तर या घराण्याचे इतके प्रेम की, सर्वसाधारण संगणकात जेथे डावीकडे कललेली तिरकी रेघ असावयाची, त्या जागेवरही त्याच चलनाचे दुसरे चिन्ह बसविलेले आहे. संगणकावरील एखाद्या फोल्डरचा पत्ता या पट्टीवर छापण्याचा प्रयत्न करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास त्या पत्त्यात जागोजागी परकीय चलन आढळते ते यामुळेच. रुपयास मात्र तेथे थारा नाही. आणि त्याबद्दल जपान्यांना बोल लावणेही न्यायाचे होणार नाही, कारण उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी संमत केले, तोवर या दप्तराचे दरवाजे बंद होऊन पाव शतक उलटत आले होते.

देवनागरीचा तर या यादीत ठिपकाही नाही. तथापि कारखानदार अगदीच निर्दय नव्हते. त्यांनी गावाच्या वेशीशी आठ बखळी मोकळ्या सोडल्या. चौसष्ट बाइटांची ही जागा प्रत्येकी आठ बाइट याप्रमाणे आठ अक्षरांना पुरते, आणि तेथे वापरणाऱ्याने आपल्या मनास येईल ते अक्षर स्वतः रेखाटून वसवावे अशी सनद आहे. इंग्रजीत या प्रकारास कस्टम कॅरेक्टर म्हणतात. सनदेत एक बारीक कलम असे आहे की ही वस्ती वीज असेतोपर्यंतच टिकते. भारनियमनाची वेळ झाली, अथवा कोणाचा पाय वायरीत अडकला, की आठही घरे जमीनदोस्त होतात आणि वीज परत आल्यावर त्या जागी अर्थशून्य ठिपक्यांचा राडारोडा उरतो; म्हणून प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताच ही आठ घरे नव्याने बांधावी लागतात. मिरासदार पिढ्यान् पिढ्या नांदतो आणि उपऱ्याने दरसाल नवा कौल घ्यावा, हा आपल्या मुलखात परिचित असलेला न्याय सिलिकॉनच्या गावीही चुकलेला नाही.

जगभरची माणसे या आठ जागांचे काय करतात याचा विचार केला तर मानवी कल्पकतेविषयी फारसा आदर उरत नाही. पहिल्या जागेवर हसरा चेहरा काढण्याची चाल सार्वत्रिक आहे. दुसऱ्या जागेवर बदाम येतो. त्यानंतर घंटा, कुलूप, अर्धी भरलेली बॅटरी, आणि चित्रकाराची उमेद टिकून राहिलीच तर उडी मारणारा माणूस. या सर्वांत बुद्धीचे काम म्हणून मी फक्त एकाच योजनेस मान देतो: एक उभा पट्टा, दोन पट्टे, तीन, चार, पाच अशी पाच अक्षरे घडवून सोळा घरांच्या एका ओळीत ऐंशी पायऱ्यांची सलग वाढणारी पट्टी काढणे. पाच कुळांनी ऐंशी कुळांचे काम करावे याला कारभार म्हणतात. बदामाला नाही.

आता मराठीचा या प्रकरणी प्रवेश कसा झाला ते सांगतो. आमच्या गृहरचना संस्थेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, आणि ती भरल्यावर मोटर बंद करण्याचे काम रखवालदाराकडे आहे. टाकीतील पातळी खाली त्याच्या खोलीत दाखविणारे एक यंत्र तिसऱ्या मजल्यावरील चिरंजीवांनी महाविद्यालयातील प्रकल्पाच्या निमित्ताने तयार केले. त्यावर इंग्रजीत 'टँक फुल' अशी अक्षरे उमटत. रखवालदार परभणीकडचा, सातवी शिकलेला, मराठी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचणारा गृहस्थ. पण इंग्रजी अक्षरांशी त्याचा संबंध मोटारींच्या क्रमांकांपुरताच असल्याने टाकी भरल्याची वार्ता त्यास यंत्रापेक्षा जिन्यावरून वाहत येणाऱ्या ओघळानेच आधी कळे. तेव्हा संस्थेच्या सचिवमहाशयांनी फर्मान काढले की यंत्राने मराठीत बोलावे. सचिवमहाशय मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले असल्यामुळे त्यांनी सोबत मसुदाही दिला: 'टाकी भरली आहे, कृपया मोटर बंद करण्यात यावी.'

चिरंजीव आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. ज्याने हे काम जवळून पाहिले नाही त्यास त्यातील गंमत कळावयाची नाही. पाच रुंद आणि आठ उंच अशा चाळीस चौकोनांत अक्षर बसवायचे. जो चौकोन काळा करावयाचा त्याची किंमत, डावीकडून धरल्यास, सोळा, आठ, चार, दोन, एक. आणि प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज हाच त्या ओळीचा हुकूम. म्हणजे शिरोरेषा ही या शास्त्रात रेषा नसून एकतीस हा आकडा आहे. पाचही चौकोन काळे. प्रथम ती सर्वांत वरच्या ओळीत घेतली तेव्हा अक्षरे ऐसपैस बसली, परंतु 'की'ची वेलांटी काढण्यास डोक्यावर जागाच राहिली नाही; आणि 'बंद'वरील अनुस्वार काचेच्या बाहेर, पत्र्याच्या चौकटीवर द्यावा लागेल असे दिसू लागले. मग शिरोरेषा दोन ओळी खाली उतरविण्यात आली. वरच्या दोन ओळी वेलांटी आणि अनुस्वार यांस देऊन उरलेल्या पाच ओळींत 'क'ची दोन्ही पोटे, 'ट'चा वाटोळा घेर आणि 'ल'च्या दोन गाठी अशा रीतीने दुमडून बसविल्या की तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सामान लावणाऱ्यास त्यापासून शिकता यावे. उकारांची तर गोष्टच काढू नये. त्यांना तळघर लागते, आणि ते या घरांना नाही.

शिरोरेषेचे दैव एवढ्यावर संपले नाही. दोन घरांच्या मध्ये कारखानदाराने एका ठिपक्याएवढी गल्ली सोडलेली आहे, आणि त्या गल्लीत दिवा लावण्याची सोय नाही. रोमन अक्षरे आपापल्या घरात एकटी राहणारी असल्याने त्यांना या गल्लीचे सुख वाटते. आपली अक्षरे मात्र एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणे राहावयाची, तेव्हा प्रत्येक कपड्यागणिक दोरी तुटलेली दिसते. मोडी लिहिणारा जुना कारकून कागदावर आधी डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग रेघ ओढून घेई आणि मगच तिला अक्षरे टांगीत जाई. त्याला ही पट्टी दाखविली असती तर त्याने दौत उपडी करून नोकरीचा राजीनामा दिला असता. चिरंजीवांस असे स्वाभिमानाचे चोचले परवडण्यासारखे नव्हते, कारण प्रकल्पाचे गुण अद्याप मिळावयाचे होते.

खरा पेच हिशेबाचा होता. मसुद्यातील भिन्न आकृती मोजल्या तेव्हा आठ बखळींत हे लटांबर मावणे अशक्य आहे, हे उघड झाले. 'आहे' गेले. 'करण्यात यावी' हा प्रयोग, ज्यावर महाराष्ट्रातील निम्मा पत्रव्यवहार चालतो, तोही गेला. 'मोटर' जाताना सचिवमहाशयांचा चेहरा थोडा उतरला. पण खरे युद्ध 'कृपया'वर झाले.

"कृपया राहिलाच पाहिजे," ते म्हणाले. "संस्थेच्या वतीने मजकूर जातो आहे."

"काका, कृपयाला तीन अक्षरं लागतात," चिरंजीव म्हणाले. "कृ, प आणि य. कृपया घातलं तर टाकी निघेल."

टाकी राहिली आणि सौजन्य गेले. उरलेला मजकूर वरच्या ओळीत 'टाकी भरली' व खालच्या ओळीत 'बंद करा' असा ठरला. आणि येथे या लिपीचे एक रहस्य उघड होते. यात किती आकृती आहेत? ट, काना, क, दीर्घ वेलांटी, भ, र, ल, अनुस्वारयुक्त ब, आणि द. एकूण नऊ. बखळी आठ. अनुस्वार आणून 'ब'वर ठेवू म्हटले तर या पट्टीवर एका घरात दोन बिऱ्हाडे करता येत नाहीत, म्हणून 'बं' हे एक संपूर्ण स्वतंत्र अक्षर समजावे लागते. ज्या मजकुरात 'पंप' असेल तेथे 'पं' निराळा आणि 'प' निराळा, म्हणजे कानांना जे जुळे भाऊ वाटतात त्यांना दप्तरात दोन कुळे म्हणून नोंदवावे लागते. शेवटी चिरंजीवांनी मिरासदारांपैकी एकाकडे दरखास्त केली. रोमन चिन्हांत एक नुसती उभी रेघ असते, तिला काना म्हणून उसनी घेतली. ती शिरोरेषेच्या दोन ठिपके वर डोके काढून उभी राहते, त्यामुळे 'टाकी'त आणि 'करा'त एकेक विजेचा खांब रोवल्यासारखा दिसतो. पण शिरोरेषा नाहीतरी तुटलेलीच होती. नवव्याची सोय लागली आणि आठ घरे नेमकी भरली.

यंत्र बसविले त्या सायंकाळी रखवालदार सचिवमहाशयांच्या दारी हजर झाला.

"सायेब, टाकी मरली म्हनतंय वो ते."

आम्ही खाली जाऊन पाहिले. तक्रारीत तथ्य होते. छापील देवनागरीत 'भ'ची शिरोरेषा तुटलेली आणि 'म'ची सलग असते. शिवाय 'भ'च्या डाव्या अंगाला जी नाजूक मुरड असते तिला पाच ठिपक्यांच्या रुंदीत मुरडण्यास वाव नाही, त्यामुळे या घरात दोघांमधील अंतर एवढेच उरते की 'म'च्या डोक्यावर एकतीस आणि 'भ'च्या डोक्यावर सत्तावीस. मधला एक ठिपका. चाराचा फरक. भरणे आणि मरणे यांच्यामध्ये मराठी भाषेने जे काही ठेवले आहे ते सर्व त्या एका न पेटलेल्या ठिपक्यात साठवलेले होते, आणि रखवालदाराच्या खोलीतील पिवळ्या बल्बाखाली ते दिसत नव्हते. मागची पॉट नावाची खुंटी फिरवून ठिपक्यांचा काळेपणा कमीजास्त करून पाहिला. मजकूर एकदा नाहीसा झाला आणि एकदा सर्व घरे काळी पडली. फट दोन ठिपक्यांची केली तेव्हा शिरोरेषाच संपून अक्षर सरहद्द ओलांडून गुजरातीत गेले. शेवटी पहिलीच आकृती कायम करण्यात आली, आणि रखवालदारास तोंडी समज देण्यात आली की टाकी मेल्याचे दिसल्यास मोटर बंद करावी. तो ती नियमाने करतो.

मला या सर्व प्रकारात राहून राहून मोरोपंतांची आठवण येत होती. रामायणे एकशे आठ रचताना ज्यांनी एक निरोष्ठ रामायणही रचले, म्हणजे ज्याच्या उच्चारात ओठास ओठ लागणार नाही अशी प, फ, ब, भ, म वर्ज्य करून केलेली सबंध कथा लिहिली, त्या बारामतीच्या पंडितास आठ अक्षरांची ही अट पाहून घाम फुटला नसता. सामान्य माणूस आधी मजकूर ठरवितो आणि मग त्यासाठी अक्षरे शोधतो. पंतांनी अक्षरे आधी ठरविली आणि कथेला त्यांतून वाट काढावयास लावली. सोळा बाय दोनवर मराठी लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी नकळत त्यांच्याच शिष्यशाखेत जाऊन बसतो: 'कमी' शब्द घ्यावा की 'अपुरे' घ्यावा हे तो अर्थावरून ठरवीत नाही, पट्टीवर कोणती अक्षरे आधीच वस्तीला आहेत यावरून ठरवितो. मात्र निरोष्ठाची अट आमच्या यंत्रास लावली असती तर टाकी भरली नसती आणि काही बंदही झाले नसते, हेही येथे नमूद करणे इष्ट.

लिपिसुधारकांचीही बाजू येथे अनपेक्षितपणे वजनदार ठरते. 'इ', 'उ', 'ए' यांना स्वतंत्र रूपे न ठेवता 'अ'लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा द्याव्या, ही सावरकरांनी हिरिरीने पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी आपल्या समाजाने कौतुकाने पाहिली आणि बाजूस ठेवली. शिळाप्रेस आणि खिळे यांच्या काळी ती सवय मोडण्याइतकी गरज कोणास वाटली नसावी. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांच्या घरांत जागेची ददात नव्हती. आठ बखळींच्या मालकास मात्र 'इ', 'ई', 'उ', 'ऊ' यांपैकी एकेकाला स्वतंत्र घर देताना सुधारकांची क्षमा मागावीशी वाटते.

यावर कोणी सुज्ञ म्हणेल की आठ जागा पुन्हा पुन्हा वापराव्या. एक मजकूर झाला की जुनी कुळे हुसकून नवी बसवावी. हे खरे आहे, आणि त्यास वेळही नगण्य लागतो: एका अक्षराचे आठ बाइट पाठविण्यास मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा पुरे. पण या दप्तराची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. पडद्यावरील घरात अक्षराचा आकार साठवलेला नसतो, फक्त त्याचा क्रमांक असतो. पहिल्या क्रमांकाच्या बखळीत तुम्ही 'ट' मोडून 'प' बांधलात की पडद्यावर जेथे जेथे पहिला क्रमांक आहे तेथे तेथे तत्क्षणी 'प' प्रकट होतो, मजकुरास कोणी हात न लावता. चिरंजीवांनी 'पाणी नाही' हा दुसरा मजकूर बसविताना सावकाशीने, मध्ये थांबे घेत, हा प्रयोग आम्हांस दाखविला. आधी 'ट'चा 'प' झाला, आणि 'टाकी'च्या जागी 'पाकी' उभी राहिली. मग 'क'चा 'ण' झाला, आणि कोणीही न लिहिलेला 'पाणी' हा शुद्ध शब्द वर अवतरला. पण त्यापुढे 'भरली' तशीच राहिल्याने काही क्षण पाणी स्त्रीलिंगी झाले, आणि खालच्या ओळीत 'बंद करा'चे 'बंद णरा' झाले. सचिवमहाशय हे पाहून गंभीर झाले. एका कुळाची नोंद बदलताच दुसऱ्या गावचा सातबारा आपोआप बदलावा, असा अनुभव त्यांच्या नोकरीत त्यांना नवा नव्हता. पण तो इतक्या लवकर आल्याचे त्यांनी प्रथमच पाहिले. आधी पडदा पुसावा, मग अक्षरे घडवावी, आणि मग लिहावे, हा यावरचा सोपा उपाय आहे. आणि घडवून झाल्यावर लेखणी पुन्हा पडद्यावर आणून ठेवण्यास विसरू नये. नाहीतर पुढचा सबंध मजकूर पडद्यावर न उमटता त्या बखळींतच जाऊन पडतो आणि अक्षरांची हाडे मोडतो.

यश आले की मागण्या वाढतात. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यकर्त्यांनी 'गणपती बाप्पा मोरया' मागितले. त्यास काना उसना घेऊनही अकरा आकृती लागतात, आणि शब्दांमधली अंतरे धरून घरे सतरा. म्हणजे एका ओळीत लिहावयाचे तर बाप्पांचे एक अक्षर काचेबाहेर राहते. विठ्ठलाचे तसे नाही. ऱ्हस्व वेलांटी, व, अर्धा ठ, सबंध ठ आणि ल, एवढ्या पाचांत तो बसतो, आणि कितीही वेळा म्हटला तरी पाचच लागतात. नामस्मरण हा सर्वांत स्वस्त मजकूर आहे ही गोष्ट वारकऱ्यांना या चिपच्या फार आधी ठाऊक होती.

मग एके दिवशी सचिवमहाशयांनीच, जुन्या निष्ठेला स्मरून असेल, 'महाराष्ट्र शासन' हे शब्द बसतात का ते पाहावयास सांगितले. चिरंजीवांनी बोटांवर मोजले. म, ह, र, अर्धा ष, ट्र, श, स, न. काना तिन्ही ठिकाणी उसना. नेमके आठ. पट्टीवर ते शब्द झळकले तेव्हा तुटक शिरोरेषेतही त्यांना एक प्रकारचा दरारा होता.

"पण काका, आता एकही जागा शिल्लक नाही," चिरंजीव म्हणाले. "ह्याच्यापुढे शासनाला काही सांगायचं असेल तर ह्याच आठ अक्षरांत सांगावं लागेल, नाहीतर नाव पुसावं लागेल."

सचिवमहाशयांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पट्टीकडे समाधानाने पाहिले.

"नाव आले ना नीट? झाले तर मग," ते म्हणाले. "बाकीचे परिपत्रकाने कळवता येते."